नकाराचे दफ्तर

नियमित पगार घेणारा, घरभाडे आणि विजेचे बिल वेळच्या वेळी भरणारा, आयुष्यात कोणाचा छदामही न बुडविलेला एखादा गृहस्थ मोठ्या उमेदीने क्रेडिट कार्डासाठी अर्ज करतो आणि दोन-चार दिवसांत अर्ज नामंजूर झाल्याचा दोन ओळींचा मजकूर त्याच्या मोबाइलवर येऊन पडतो, तेव्हा त्याला पैशाच्या अडचणीपेक्षा अब्रूचे शल्यच अधिक बोचते. आपण कोणाच्या नजरेत, कोणत्या पुराव्यावरून आणि कोणत्या निकषाने अपात्र ठरलो हे त्याला कळत नाही. आणि जाब विचारावा तर समोर कोणी माणूसच नसल्यामुळे तो आपला राग बँकेवर, सरकारवर किंवा सबंध जमान्यावर काढून मोकळा होतो. हे दुःख आजचे दिसत असले, तरी त्याची मुळे जुनी आहेत. उधार देणाऱ्याने नाही म्हणावे, ही गोष्ट उधारीइतकीच पुरातन होय. कालमानाने बदलत आले ते एवढेच, की नाही म्हणण्याचे कारण कोणापाशी असते, ते कोठे लिहिले जाते, आणि ज्याला नाही म्हटले त्याला ते वाचावयास मिळते की नाही. आपल्याकडील आर्थिक इतिहास बहुधा दिलेल्या कर्जांवरून लिहिला गेला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दिलेल्या कर्जाचा कागद राहतो, नाकारलेल्याचा राहत नाही. तथापि महाराष्ट्रात तरी न मिळालेल्या कर्जाने मिळालेल्या कर्जापेक्षा कमी इतिहास घडविलेला नाही.

पेशवाईचा डोलारा सावकारांच्या थैल्यांवर उभा होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. थोरल्या बाजीरावाच्या मोहिमा कर्जावर चालत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी त्याचे गुरू होते तसेच धनकोही होते, आणि बारामतीकर नाईकांचे सावकारी घराणे तर पेशव्यांशी सोयरिकीने बांधले गेले होते. अशा व्यवहारात राज्यकर्त्याला नकार देणे जितके जोखमीचे, तितकेच होकार देणेही जोखमीचे असे. बाजारपेठेतील व्यवहार मात्र याहून पुष्कळच शिस्तीचा होता, आणि त्या शिस्तीचे मुख्य साधन म्हणजे हुंडी. पुण्याच्या सावकाराने सुरतेच्या किंवा काशीच्या आडतियावर लिहिलेली हुंडी दर्शनी असली तर दाखविताक्षणी आणि मुदती असली तर ठरलेल्या मुदतीनंतर सकारली जावयाची, हा दंडक. आडतियाने ती सकारण्यास नकार दिला, तर ती वार्ता पेठेत पसरण्यास वेळ लागत नसे आणि लिहिणाऱ्याचे दिवाळे वाजले असा बोलबाला होई. परंतु जुन्या व्यापाऱ्यांच्या शहाणपणाची खरी साक्ष, त्यांनी नकाराची जी आगाऊ तजवीज करून ठेविली होती, तीत मिळते. हुंडीबरोबर प्रसंगी एक जिकरी चिठ्ठी दिली जाई; ती त्याच गावच्या दुसऱ्या एखाद्या प्रतिष्ठित पेढीच्या नावाने असे, आणि मूळ आडतियाने हुंडी न सकारल्यास आपण ती सकारावी, अशी तीत विनंती असे. हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठही गहाळ झाली तर परपेठ, आणि पैसे चुकते होऊन निकामी झालेल्या हुंडीला खोखा, अशी प्रत्येक अवस्थेची निराळी व्यवस्था असलेल्या या शास्त्रात नकार ही आकस्मिक आपत्ती नव्हती. व्यवहाराचाच तो एक घटक होता, आणि त्याचे कारण पेठेपासून लपून राहणे अशक्य होते.

खेड्यातील सावकारी याहून साधी होती. मराठी अमदानीत मिरासी जमीन कर्जापायी सहजासहजी परक्याच्या घशात जात नसे. वसुलीसाठी सावकाराला तगादा, धरणे आणि पंचायत एवढेच मार्ग. आणि दामदुपटीच्या नियमाने व्याज मुदलाच्या बरोबरीला पोचले की तेथेच थांबे. साहजिकच पिकातून जेवढे परत येण्याजोगे, तेवढेच तो देई. कुणब्याचे बैल किती, विहिरीला पाणी किती, थोरला मुलगा कामाचा की उडाणटप्पू, हे त्याला मुखोद्गत असे, आणि त्याने मान हलविली तर कुणब्यालाही कारण विचारावे लागत नसे. ही व्यवस्था आदर्श होती असे मी मुळीच म्हणणार नाही. जातीपातीचा आणि व्यक्तिगत आकसाचा तीत भरपूर वावर होता, आणि ज्याला गावात जमीनच नाही त्याच्या वाट्याला सावकाराच्या ओसरीची पायरीही येत नसे. एवढे मात्र खरे, की तिच्यात धनको आणि ऋणको यांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते.

ही परस्परावलंबनाची गाठ इंग्रजी अमलाने सोडविली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी व प्रतबंदी करून तीस वर्षांच्या जमाबंदीचा पाया घातला. खातेदाराला आपली जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याचबरोबर ती गमावण्याचाही. जिल्ह्या-तालुक्यांतून दिवाणी न्यायालये आली. मुनसफापुढे खत दाखल झाले की मुख्य प्रश्न एकच: निशाणी तुझीच ना? कुणब्याची निशाणी म्हणजे खताच्या तळाशी काढलेला नांगर आणि त्याशेजारी दुसऱ्याच कोणी लिहिलेले त्याचे नाव. नांगर आपला आहे हे त्याला नाकारता येत नसे, आणि वरचा मजकूर काय आहे हे वाचता येत नसे. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला आणि साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. जुनीपुराणी खते उकरून व्याज फुगविण्यास आळा बसावा, हा त्याचा उद्देश. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला. मागील मुद्दल, त्यावरील व्याज, मधल्या काळात दिलेले बियाणे, हे सर्व नव्या खतात मुद्दल म्हणून चढे आणि त्यावर पहिल्या दिवसापासून पुन्हा व्याज धावू लागे. दामदुपटीचा जुना बांध अशा रीतीने आपोआप फुटला, कारण कागदावर प्रत्येक खताचे मुद्दल नवे होते. भरणा केल्याची पावती बहुधा मिळत नसे. दिलेली रक्कम जमेच्या बाजूला पडली की नाही, हे सावकाराच्या वहीलाच ठाऊक.

या काळात सावकाराला नकार देण्याचे कारणच उरले नाही, कारण अगदी फाटक्या कुणब्याजवळही गहाण पडण्याजोगी जमीन होती आणि सावकाराच्या पाठीशी न्यायालयाचा बेलिफ उभा होता. तशात १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारात सोन्याचा पाऊस पडू लागला. मुंबईतील शेअरांचे वेड १८६५ मध्ये कसे उतरले याच्या कथा पुष्कळांनी रंगवून सांगितल्या आहेत, म्हणून त्यांत शिरत नाही. देशावर जे घडले ते मात्र कमी सांगितले जाते. निर्यातदार व्यापाऱ्याकडून शहरी सावकाराकडे आणि त्याच्याकडून गावच्या मारवाडी-गुजर दुकानदाराकडे जो पैसा वाहत आला होता, तो युद्ध संपून भाव कोसळताच आल्या वाटेने मागे फिरला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची जमाबंदी संपून सारा नव्याने आकारला गेला आणि अनेक गावांत तो ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. वाढलेल्या साऱ्याचा हप्ता भरण्यासाठी कुणबी नेहमीप्रमाणे सावकाराच्या दारी गेला, तेव्हा त्याला नकार ऐकावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली उधारी, जिच्यात बियाणे, लुगडे आणि पोरीचे लग्न सगळेच बसे, ती हळूहळू आटली आणि मागील खतांच्या फिर्यादी मात्र चालूच राहिल्या.

१८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांची कारणमीमांसा करताना व्याजाच्या दरावर आणि जप्त्यांवर भर दिला जातो, तो योग्यच आहे. तथापि कुणब्याच्या मनात खोल रुतला तो हा नकार, असे मला वाटते. व्याज जबर होते ते वर्षानुवर्षे जबरच होते. त्याने कधी सबंध गाव रस्त्यावर आले नव्हते. अडीअडचणीला हात देण्याच्या मोबदल्यात ते व्याज सोसले जात होते, आणि तो हातच आखडला गेल्यावर सोसण्यात अर्थ उरला नाही. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडावयास घेतले, तेव्हा गावाने प्रथम जे शस्त्र उचलले ते दगडाचे नव्हते; गावानेच सावकारांना नकार दिला. त्यांची जमीन कोणी कसावयाची नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करावयाची नाही, परटाने कपडे धुवावयाचे नाहीत, सुतार-लोहार-चांभारांनी त्यांचे काम घ्यावयाचे नाही, अशी संमतिपत्रे गावोगाव लिहिली गेली. दंगा त्यानंतरचा. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांना हवे होते ते कागद. जेथे सावकाराने खते आणि हुकूमनामे मुकाट्याने आणून दिले, तेथे ती जाळून जमाव बहुधा परत फिरला. जेथे त्याने हट्ट धरला, तेथेच मारहाण व जाळपोळ झाली. नंतर नेमलेल्या सरकारी कमिशनने नगर जिल्ह्यातील निवडक गावांची जी पाहणी केली तीत सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जबाजारी आढळले, आणि त्यांचे कर्ज त्यांच्या साऱ्याच्या सुमारे अठरा पट होते.

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा जन्मास आला आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याची कलमे आजही वाचण्याजोगी आहेत. न्यायाधीशाने खताच्या मजकुरावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा. खते ग्रामनिबंधकासमोर लिहिली जावीत. मागेल तेव्हा ऋणकोस पावती आणि हिशेबाचा उतारा मिळावा. कर्जापायी शेतकऱ्यास कैद होऊ नये. ऋणकोला आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा हक्क या देशी कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिला. पण त्याचा परिणाम असा झाला, की सावकाराने साध्या खतावर पैसे देणेच आवरते घेतले. न्यायालय खताच्या पाठीमागे जाऊन पाहणार असेल तर खत घ्यावेच कशाला, असा त्याने विचार केला, आणि गरजू शेतकऱ्याकडून गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. पैसे परत केल्यास जमीन परत देऊ, हा करार तोंडी राहिला. म्हणजे ज्याच्याजवळ विकण्याजोगी जमीन त्याला कर्ज, बाकीच्यांना नकार. वतनी जमिनीचे तर आणखीच विलक्षण होते. १८७४ च्या वतन कायद्याने ती परक्याकडे जाण्यास प्रतिबंध केल्यामुळे सावकाराच्या दृष्टीने ती तारण म्हणून कवडीमोल ठरली, आणि वतनदार महाराला जमीन असूनही पत नाही अशा अवस्थेत राहावे लागले. ऋणकोच्या संरक्षणासाठी कायदा करावा आणि त्याच संरक्षणाने त्याच्या तोंडावर दार बंद व्हावे, हा अनुभव पुढेही अनेकदा आला आहे. म्हणून असे कायदे करूच नयेत असा निष्कर्ष काढणारे अर्थपंडित मला पटत नाहीत, परंतु त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखेही नाही.

याच सुमारास सर विल्यम वेडरबर्न यांनी, न्यायमूर्ती रानडे यांच्या पाठिंब्याने, पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली: जुनी कर्जे मिटवून टाकावयाची आणि बेताच्या व्याजाने नवी द्यावयाची. हिंदुस्थान सरकारने अनुकूल मत दिले. विलायतेत भारतमंत्र्यांच्या कचेरीत मात्र योजना फेटाळली गेली. शेतकऱ्याला पत मिळवून देण्याचा अर्जच असा नामंजूर झाल्यावर वीस वर्षे गेली आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. मुंबई इलाख्यातील पहिली शेतकी पतसंस्था १९०५ साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे निघाली. शहरांत १९०६ मध्ये पुण्याची कॉसमॉस आणि मुंबईची शामराव विठ्ठल या बँका उभ्या राहिल्या.

सहकारी संस्थेतील नकार मला फार कुतूहलाचा वाटतो. ग्रामीण संस्थांत जबाबदारी अमर्याद असे. एकाने बुडविले तर इतरांच्या बैलजोडीपर्यंत झळ पोचावयाची. त्यामुळे पंचकमिटीपुढे अर्ज आला की चर्चा चावडीवरच्यासारखी मोकळी होई. अर्जदार गेल्या हंगामात कोठे कोठे उधार राहिला आहे, जामीन राहिलेले दोघे त्याचे साडूच आहेत की काय, विहिरीसाठी म्हणून मागितलेला पैसा लग्नात तर जाणार नाही ना, हे सर्व उघडपणे बोलले जाई, आणि नकार मिळालाच तर अर्जदाराला कारण घरी पोचण्याआधी समजलेले असे. कारणाची इतकी पारदर्शकता नंतर कोठे आढळणार नाही. आणि अपिलाची इतकी वानवाही नाही, कारण चेअरमनच्या भावकीशी वैर असलेल्या शेतकऱ्याने दाद मागावी ती कोणाकडे? सहकाराचा प्रसार झाला खरा, परंतु रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये जी अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, आणि जिच्या मार्गदर्शक समितीत गोरवाला यांच्याबरोबर आपले धनंजयराव गाडगीळही होते, तीत ग्रामीण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के एवढाच निघाला. बाकीचा शेतकरी अद्याप सावकार, व्यापारी आणि सोयरेधायरे यांच्याच दारी होता.

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व नकारांत एक गोष्ट समान होती: नाही म्हणणारा मनुष्य अर्जदाराला ओळखत असे. ज्याला कधी पाहिले नाही, त्याला उधार द्यावे की न द्यावे, हा प्रश्न शास्त्रीय रीतीने प्रथम सुटला तो आपल्याकडे नव्हे, न्यूयॉर्कमध्ये. १८३७ च्या मंदीत तेथील लुइस टॅपन नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्याचे हात उधारीत पोळले, तेव्हा त्याने १८४१ साली मर्कंटाईल एजन्सी नावाची पेढी काढली. गावोगावच्या वकिलांना बातमीदार नेमावयाचे, त्यांच्याकडून दुकानदारांची ऐपत, सचोटी, व्यसने आणि घरगुती भानगडी यांची माहिती मागवावयाची, ती मोठमोठ्या वह्यांत उतरवावयाची आणि वर्गणीदार घाऊक व्यापाऱ्यांना कचेरीत बोलावून वाचून दाखवावयाची, असा हा धंदा. अब्राहम लिंकन हाही वकिली करीत असताना अशा बातमीदारांपैकी एक होता. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला वही दाखविण्याचा प्रश्नच नव्हता.

ओहायो प्रांतातील नॉरवॉक गावच्या बीअर्ड्सली बंधूंना याचा प्रत्यय आला. १८४८ मध्ये न्यूयॉर्कचे व्यापारी त्यांना एकाएकी उधार माल देईनासे झाले. शोध घेता कळले, की टॅपनच्या वहीत अशी नोंद पडली आहे, की एका भावाची बायको घटस्फोट व पोटगी मागण्याच्या बेतात असून मालमत्तेची विल्हेवाट लावली जात आहे. त्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. बातमीदाराचे नाव सांगण्यास पेढीचा भागीदार बेंजामिन डग्लस याने भर न्यायालयात नकार दिला आणि बेअदबीबद्दल वीस दिवसांचा तुरुंगवास पत्करला. ज्यूरीने बीअर्ड्सलीला १०,००० डॉलर देवविले. पण पुढे १८७० साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला. डग्लसच्या तुरुंगवासाने धंद्याची इभ्रत वाढली, हे सांगितलेच पाहिजे: जी पेढी बातमीदाराचे नाव जिवापाड जपते तिला बातमीदारांची काय वाण! पुढे हीच पेढी आर. जी. डन यांच्या नावाने चालली आणि १९३३ मध्ये ब्रॅडस्ट्रीट या प्रतिस्पर्ध्याशी मिळून डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली. व्यापाऱ्यांमागून सामान्य गिऱ्हाइकांचीही दफ्तरे तयार झाली; शिकागोच्या कुक परगण्यातील एका दफ्तरात ३६ लाख माणसांची कार्डे सात-सात खणांच्या ४०० कपाटांत भरलेली होती, आणि १९६९ साली ते दफ्तर ट्रान्सयुनियन या कंपनीने विकत घेतले. १९५८ मध्ये फेअर आणि आयझॅक या दोघांनी, नोंदी वाचून मत बनविण्याऐवजी त्यांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत विकण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने दफ्तर पाहण्याचा हक्क आला. १९७४ च्या कायद्याने स्त्री म्हणून किंवा विवाहित-अविवाहित म्हणून उधारी नाकारण्यास बंदी आली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने, नाकारल्यास कारण कळविणे सक्तीचे झाले. तोपर्यंत तेथील कमावत्या बायकांनाही कार्डासाठी नवऱ्याची सही मागितली जाई.

आपल्याकडे बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड १९८० साली सेंट्रल बँकेने काढले. आरंभी ते ओळखीच्या, मातब्बर खातेदारांनाच मिळे, आणि ज्याला मिळत नसे त्याला ते मागण्याचेही सुचत नसे. १९९० नंतर परदेशी व खाजगी बँका या धंद्यात उतरल्या, कार्ड गल्लोगल्ली विकले जाऊ लागले, आणि न ओळखणाऱ्याला उधार देण्याचा न्यूयॉर्कचा प्रश्न मुंबईपुढे येऊन ठाकला. त्याचे उत्तरही तेथूनच आले. २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या सिबिल या कंपनीच्या मूळ भागधारकांत स्टेट बँक आणि एचडीएफसी यांच्याबरोबर डन अँड ब्रॅडस्ट्रीट आणि ट्रान्सयुनियन हेही होते. टॅपनची वही आणि शिकागोची कपाटे अशी एकाच वेळी आपल्या बंदराला लागली. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि ३०० ते ९०० या मर्यादेतला पतगुणांचा जो आकडा आज लग्नाच्या बैठकीतही विचारला जातो म्हणे, तो प्रचारात आला.

हा आकडा ज्यावर येतो, तो आपला पतअहवाल एकदा शांतपणे वाचून पाहावा. प्रत्येक कर्जाच्या आणि कार्डाच्या खाली छत्तीस महिन्यांपर्यंतची चौकटींची रांग असते आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता, याचा आकडा. शून्ये असतील तर ठीक. एखाद्या चौकटीत ३० किंवा ६० दिसले, की दोन वर्षांपूर्वी आजारपणात राहून गेलेला हप्ता पुन्हा बोलू लागतो. थकलेल्या कार्डाबद्दल बँकेशी तडजोड करून निम्मी-अधिक रक्कम भरली असेल, तर ऋणकोच्या मते प्रकरण मिटलेले असते. अहवालात मात्र ते खाते ‘सेटल्ड’ म्हणून राहते, आणि नवी बँक त्याचा अर्थ उरलेली रक्कम बुडाली असाच घेते. मेहुण्याच्या कर्जाला दिलेली जामीनकीही तेथे असते आणि मेहुण्याने थकविलेले हप्ते जामिनाच्या नावावर दिसतात. हाती असलेल्या कार्डाची मर्यादा दरमहा जवळजवळ पूर्ण वापरणारा, वेळेवर भरणारा असला तरी, ओढगस्तीतला समजला जातो. एका बँकेने नाकारले म्हणून रागाने आठवड्यात चार ठिकाणी अर्ज करणाऱ्याच्या नावावर चार चौकशा नोंदल्या जातात, आणि पाचव्या बँकेला तो गरजेने कासावीस झालेला मनुष्य वाटतो. आरंभी वर्णिलेल्या गृहस्थाने कधी कर्जच काढलेले नसेल, तर त्याचे दुर्दैव निराळेच. त्याच्या चौकटी रिकाम्या असतात. सावकाराच्या ओसरीवर निष्कर्जी असणे हे भूषण होते. येथे तो केवळ अपरिचित ठरतो. ज्याने घेतले आणि फेडले त्याच्याविषयीच येथे काही लिहिलेले असते, आणि घरभाड्याचा नेमस्तपणा सामान्यतः या दफ्तरात पोचतच नाही. यांखेरीज प्रत्येक बँकेचे स्वतःचे नियम आहेत: अमुक पगाराखाली नको, नोकरीला अमुक महिने झाले नसतील तर नको, पॅन कार्डावरील नाव आणि अर्जातील नाव जुळत नसेल तर नको. मराठी नावांत वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव कधी मधे, कधी शेवटी येत असल्याने हे शेवटचे कारण आपल्याकडे वाटते त्याहून अधिक वेळा आड येत असावे.

कारण कळविण्याची सक्ती आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आली. २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन लाख रुपयांपर्यंतच्या छोट्या कर्जांचे अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी द्यावे असे सांगितले. २०२२ च्या आदेशात क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर केल्यास त्याची विशिष्ट कारणे लेखी कळवावीत, असे स्पष्ट शब्दांत आहे. ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार’ एवढ्या तीन शब्दांवर भागविणारे पत्र आले तर या आदेशाचा हवाला देऊन पुन्हा विचारण्यास अर्जदाराने संकोच करू नये. देशात आज अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि त्यांतील प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. एकीच्या दफ्तरात नसलेली चूक दुसरीच्या दफ्तरात असू शकते. चूक आढळल्यास तक्रार नोंदविता येते, परंतु माहिती कंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद बदलत नाही. ज्या बँकेने ती पाठविली तिच्याकडून खातरजमा झाल्यावरच ती बदलते. म्हणून अर्ज दोन्हीकडे द्यावा आणि कर्ज फेडल्याचा दाखला जोडावा. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसाबद्दल तक्रारदाराला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे, आणि २०२५ च्या जानेवारीपासून बँकांनी दर पंधरवड्याला नवी माहिती पाठवावी असा दंडक झाल्याने, फेडलेले कर्ज महिनोन्‌महिने थकलेले दिसण्याची सबब आता राहिलेली नाही. खरी असलेली नोंद पैसे घेऊन पुसून देण्याचा वायदा करणारे जे दलाल अलीकडे फोन करीत असतात, त्यांना मात्र त्या दफ्तरातील एक अक्षरही हलविता येत नाही.